चित्रांतले तुरुंग : लंडन ते ओर्नां

बुधवार, लंडन

लिंकन्स इन फील्ड्स या चौकाच्या उत्तर बाजूला सर जॉन सोन या वास्तुकाराचे घर आहे. 1833 मध्ये संसदेने खास कायदा करून हे घर त्याच्या मृत्यूनंतर जसेच्या तसे जपण्याची व्यवस्था केली. घरातील चित्रांची खोली अगदी लहान आहे, तरी तिच्यात शंभराहून अधिक चित्रे मावतात, कारण तिच्या भिंतींना बिजागऱ्या लावलेल्या आहेत. कपाटाची दारे उघडावीत तशी सेवक त्या उघडतो आणि आतून आणखी चित्रे पुढे येतात. अठराव्या शतकातील इंग्रज चित्रकार विल्यम होगार्थची 'ए रेक्स प्रोग्रेस' ही आठ तैलचित्रांची मालिका याच खोलीत आहे. ती सोनच्या घरी 1802 मध्ये आली. तुरुंगातील जगण्याची आणि कैद्यांना मिळणाऱ्या वागणुकीची जुनी चित्रे छापील प्रतींवर न विसंबता प्रत्यक्ष पाहायची, असे ठरवून हा प्रवास आखला होता. होगार्थपासून सुरुवात करण्याचे कारण असे की, तुरुंग म्हणजे काय हे त्याला चित्रकार होण्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होते.

होगार्थचे वडील रिचर्ड हे शिक्षक होते. त्यांनी सेंट जॉन्स गेट येथे एक कॉफीगृह काढले होते आणि तिथे येणाऱ्यांनी लॅटिनमध्येच बोलावे, अशी त्यामागची कल्पना होती. धंदा बुडाला, देणे थकले आणि 1708 च्या सुमारास त्यांची रवानगी कर्जबुडव्यांच्या फ्लीट तुरुंगात झाली. 1712 च्या कायद्याने सुटका होईपर्यंत त्यांचा हिशेब मिटला नाही. मुलगा तेव्हा दहा-बारा वर्षांचा होता. मोठेपणी, 1732 ते 1734 या काळात, त्याने टॉम रेकवेल या उधळ्या वारसाची गोष्ट रंगवली, तेव्हा सातवे चित्र फ्लीटमध्येच घडवले.

त्या चित्रासमोर उभे राहिल्यावर पहिली गोष्ट लक्षात येते ती ही, की कोठडीत गर्दी आहे आणि त्या गर्दीतील प्रत्येकाला टॉमकडून काहीतरी हवे आहे. पैशासाठी पत्करलेली म्हातारी, एकाक्ष बायको मुठी आवळून त्याच्यावर ओरडते आहे. मागे तुरुंगाचा माणूस नव्या कैद्याने भरायची रक्कम मागतो आहे. बिअर घेऊन आलेला पोऱ्या आपले पैसे घेतल्याशिवाय हलायला तयार नाही. शेजारी टॉमच्या नाटकाचे हस्तलिखित नकाराच्या पत्रासह पडले आहे, कारण लिहून पैसे मिळवण्याचा त्याचा शेवटचा उपायही फसला आहे. त्याने सोडून दिलेली सारा यंग एका बाजूला बेशुद्ध पडली असून तिची मुलगी रडते आहे. आणखी मागे एक कैदी भट्टी पेटवून किमया साधण्याच्या खटपटीत आहे. दुसऱ्याच्या हातून निसटलेल्या कागदावर राष्ट्राचे कर्ज फेडण्याची योजना आहे, आणि ती लिहिणारा स्वतःच कर्जापायी आत बसलेला आहे. पलंगाच्या छतावर कोणीतरी उडून जाण्यासाठी बनवलेले पंख ठेवले आहेत. टॉमच्या पायात बेडी नाही. तो खुर्चीत बसला आहे आणि त्याचे हात काय करावे हे न कळल्यासारखे हवेत उघडे आहेत.

आठव्या चित्रात हाच टॉम बेडलमच्या वेड्यांच्या इस्पितळात पोचला आहे. तिथे मात्र साखळी आहे, आणि करमणूक म्हणून वेडे पाहायला आलेल्या दोन उंची पोशाखातील स्त्रियाही आहेत. या दोघींकडे पाहताना थोडे अवघडल्यासारखे होते, कारण आपणही तिकिटांचा हिशेब करून तेच पाहायला आलेलो असतो.

फ्लीट तुरुंग 1846 मध्ये पाडण्यात आला आणि फॅरिंग्डन स्ट्रीटवर त्याच्या जागी आता कचेऱ्या आहेत. तिथून चालत ओल्ड बेलीच्या न्यायालयापर्यंत गेले. हे न्यायालय न्यूगेट तुरुंग पाडून झालेल्या जागेवर 1907 मध्ये सुरू झाले. समोरच्या सेंट सेपल्कर चर्चमध्ये एक हातघंटा काचेआड ठेवली आहे. फाशीच्या आदल्या रात्री न्यूगेटमधील कैद्याच्या कोठडीबाहेर ती वाजवली जात असे.

गुरुवार, लंडन

नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीच्या संग्रहातील होगार्थचे 'हाउस ऑफ कॉमन्सची तुरुंग समिती' हे चित्र आकाराने साधारणच आहे आणि चित्रकला म्हणून ते त्याच्या उत्तम कामात बसत नाही. तेव्हा तो तिशीच्या सुरुवातीला होता, तैलरंगांत नवखा होता, आणि टेबलाभोवती बसलेल्या सभासदांचे चेहरे ओळखू यावेत या ओझ्याखाली चित्र थोडे दबलेले आहे. तरीही या प्रवासातील सर्वांत महत्त्वाचे चित्र कोणते, असे विचारल्यास मी याचेच नाव घेईन.

रॉबर्ट कॅस्टेल नावाचा एक वास्तुकार कर्जापायी फ्लीटमध्ये आला. तुरुंगाचा अधिकारी टॉमस बेंब्रिज याने मागितलेले पैसे तो देऊ शकला नाही, तेव्हा बेंब्रिजने त्याला देवीची साथ असलेल्या घरात ठेवले आणि तिथे 1728 च्या अखेरीस तो त्याच रोगाने मेला. त्याचा मित्र जेम्स ओगलथॉर्प हा संसदेचा सभासद होता. त्याने हा विषय लावून धरला आणि 1729 मध्ये त्याच्याच अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. समितीपुढे जे आले त्यात एका माणसाच्या क्रौर्यापेक्षा व्यवस्थेचा हिशेब अधिक धक्कादायक होता. फ्लीटच्या अधिकाऱ्याचे पद विकत मिळत असे आणि बेंब्रिजने ते जॉन हगिन्सकडून एका भागीदारासह 5,000 पौंडांना घेतले होते. गुंतवलेली रक्कम वसूल करायची तर ती कैद्यांकडूनच. म्हणून खोलीचे भाडे, बेडी काढण्याचे पैसे, सुटकेच्या वेळचे पैसे, असे प्रत्येक पावलाला मोल लावलेले होते. ज्याला कर्ज फेडता येत नाही म्हणून आत टाकले, त्याच्याकडूनच पैसे उकळण्यावर तुरुंगाचा गाडा चालत होता. कर्जापायी आत असलेल्या कैद्याला बेड्या घालण्याच्या फ्लीटमधील पहिल्या घटनांपैकी एक समितीच्या अहवालाने जाकोब मेंडेझ सोलास या पोर्तुगीज कैद्याच्या नावाने नोंदवली आहे.

होगार्थने चित्रात समिती आणि कैदी एका खोलीत समोरासमोर आणले आहेत. केसांचे टोप घातलेले सभासद टेबलाभोवती आहेत. फाटक्या कपड्यांतील एक कैदी गुडघे टेकून बेडी शरीराला कशी जखडते ते दाखवतो आहे. बेंब्रिजही तिथेच उभा आहे आणि त्याच्या तोंडावर उत्तर शोधणाऱ्या माणसाचा भाव आहे. या चित्राचे पहिले टिपण केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात आहे आणि ते या पक्क्या चित्रापेक्षा जिवंत आहे असे अनेक जाणकार म्हणतात. चित्र करवून घेतले ते समितीचे सभासद सर आर्चिबाल्ड ग्रँट यांनी, म्हणजे ते अखेरीस सभासदांच्या गौरवाचे चित्र आहे. पण त्यात मध्यवर्ती पुरावा म्हणून जे मांडले आहे ते कैद्याचे शरीर आहे, आणि वडिलांची फ्लीटमधील वर्षे पाहिलेल्या चित्रकाराच्या हातून हे आपसूक झाले असेल असे मला वाटत नाही. बेंब्रिजवर पुढे खुनाचा खटला चालला आणि तो निर्दोष सुटला. ओगलथॉर्पने मात्र तुरुंगांचा प्रश्न मनात धरून अमेरिकेत जॉर्जिया ही वसाहत स्थापन केली.

होगार्थ न्यूगेटमध्येही गेला होता. तिहेरी खुनासाठी दोषी ठरलेल्या सारा माल्कम या तरुण मोलकरणीचे चित्र त्याने 1733 मध्ये फाशीच्या दोन दिवस आधी कोठडीत बसून रेखाटले आणि त्याचे ठसे सहा पेन्सना विकले. मूळ चित्र एडिंबरोला आहे आणि या वेळी ते माझ्या वाटेवर नव्हते. कैद्याबद्दलची कणव आणि कैद्याच्या कुप्रसिद्धीवर होणारी कमाई या दोन्ही गोष्टी एकाच चित्रकारात सुखाने नांदत होत्या, एवढे त्यावरून कळते.

दुपार ब्रिटिश म्युझियमच्या मुद्रणचित्रे आणि रेखाटने विभागाच्या अभ्यासिकेत गेली. इथे आधी वेळ ठरवून गेल्यास चित्रे टेबलावर, हाताच्या अंतरावर आणून दिली जातात. प्रथम इटालियन चित्रकार पिरानेसीच्या 'कारचेरी' या काल्पनिक तुरुंगांच्या पाट्या, म्हणजे पत्र्यावर आम्लाने रेषा कोरून काढलेले छाप, मागवल्या. 1750 च्या सुमारास त्याने अशा 14 पाट्या काढल्या आणि 1761 मध्ये त्या अधिक गडद करून व दोन वाढवून 16 केल्या. कमानी, जिने, कप्प्या, दोरखंड, कुठेच न पोचणारे पूल यांचे ते वैभव पाहताना भान हरपते हे खरे, पण कैदी कुठे आहे हे शोधावे लागते. दिसलाच तर तो मुंगीएवढा असतो. पिरानेसीला वास्तूचे वेड होते आणि तुरुंग हे त्याला मिळालेले उत्तम निमित्त होते.

त्यानंतर स्पॅनिश चित्रकार गोयाच्या तीन लहान पाट्या आल्या, आणि तळहाताखाली झाकतील एवढ्या त्या कागदांसमोर पिरानेसी फार मोठा आवाज करणारा माणूस वाटू लागला. 1810 ते 1815 च्या दरम्यानची ही आम्लरेखने गोयाने आपला मित्र सेआन बेर्मुदेस याला दिलेल्या, 'युद्धाचे अनर्थ' मालिकेच्या प्रतींच्या संचाअखेर जोडलेली आहेत आणि तो संच याच संग्रहालयात आहे. प्रत्येक पाटीवर एकच माणूस आहे, साखळदंडांत जखडलेला आणि वाकलेला. मथळे गोयाचे स्वतःचे आहेत. एक म्हणतो की ही कैद गुन्ह्याइतकीच रानटी आहे. दुसरा म्हणतो की आरोपीला धरून ठेवण्यासाठी यातना देण्याची गरज नसते. तिसरा म्हणतो की तो गुन्हेगार असेल तर लवकर मरू द्या. हे तिन्ही मथळे एखाद्या वकिलाच्या युक्तिवादासारखे आहेत, आणि तो काळही त्या युक्तिवादाचाच होता. कादिस येथे भरलेल्या स्पॅनिश संसदेने 1811 मध्ये छळाची शिक्षा रद्द केली. राजा परत आल्यावर तीच संसद मोडीत निघाली आणि तिच्यातील अनेक उदारमतवादी तुरुंगात गेले.

शुक्रवार, एगम

वॉटर्लू स्थानकातून गाडीने एगमला पोचायला फार वेळ लागत नाही. तिथे रॉयल हॉलोवे हे महाविद्यालय आहे. गोळ्या आणि मलमे विकून श्रीमंत झालेल्या टॉमस हॉलोवे याने ते स्त्रियांच्या शिक्षणासाठी बांधले आणि 1881 ते 1883 या दोन वर्षांत भराभर चित्रे विकत घेऊन त्याचे दालन सजवले. त्यात फ्रँक हॉल याचे 'न्यूगेट : कमिटेड फॉर ट्रायल' हे 1878 चे मोठे चित्र आहे.

न्यूगेटमध्ये खटल्याची वाट पाहणाऱ्या कैद्यांना ठरलेल्या दिवशी घरच्यांना भेटता येत असे. भेटीच्या त्या जागेला पिंजरा म्हणत. हॉलने ही जागा स्वतः पाहिली होती. तिची रचना कैद्यांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल पुष्कळ सांगते. इकडे गज आणि तिकडे गज, दोन्हींच्या मधे मोकळी वाट आणि त्या वाटेने फिरणारा पहारेकरी. म्हणजे गजांतून हात घातला तरी पलीकडच्या हाताला तो पोचत नाही आणि कुजबुजीला जागा उरत नाही, कारण एवढ्या अंतरावर बोलायचे तर आवाज चढवावाच लागतो. चित्रात अलीकडच्या बाजूला पोराबाळांसह आलेल्या स्त्रिया आहेत आणि पलीकडे अंधारात पुरुषांचे चेहरे आहेत. या पुरुषांवर अजून गुन्हा सिद्ध झालेला नाही. चित्राच्या नावातच ते आहे, तरी ते सहज विसरले जाते.

होगार्थ, गोया आणि पिरानेसी पाहून आल्यावर माझ्या मनात एक कल्पना आकार घेऊ लागली होती. तुरुंग बाहेरून पाहणारे चित्रकार साखळ्या रंगवतात, आणि ज्यांच्या घरात तुरुंग शिरलेला असतो ते देणीघेणी, जेवण, वाट पाहणे अशा रोजच्या गोष्टी रंगवतात, असे मला वाटू लागले होते. हॉल या कल्पनेत बसत नाही. तो पाहुणाच होता, तरी त्याने बेडी न रंगवता भेटीचे अंतर रंगवले. कदाचित असेही असेल की 1878 पर्यंत तुरुंगाने साखळी टाकून अंतर हे साधन हाती घेतले होते आणि हॉलने समोर दिसले तेच काढले. याच दालनात ल्यूक फिल्ड्सचे बेघर लोकांच्या रांगेचे 1874 चे चित्र आहे. दोन्ही चित्रे एकापाठोपाठ पाहिली की त्या काळच्या इंग्लंडमध्ये गरिबाला किती ठिकाणी थांबून राहावे लागे हे ध्यानात येते.

शनिवार, बार्नर्ड कॅसल

किंग्ज क्रॉसहून डार्लिंग्टनपर्यंत रेल्वे आणि पुढे बस, असा प्रवास करून बार्नर्ड कॅसल या गावी पोचले. गावाबाहेर फ्रेंच राजवाड्यासारखी एक अवाढव्य इमारत अचानक समोर येते. जॉन आणि जोझेफीन बोज या दांपत्याने ती संग्रहालयासाठी बांधायला घेतली, पण 1892 मध्ये ते उघडले तेव्हा दोघेही हयात नव्हते. बहुतेक पाहुणे चांदीचा यांत्रिक हंस पाहायला येतात. मी वरच्या मजल्यावर गोयाचे 'तुरुंगाचा अंतर्भाग' पाहायला गेले.

हे चित्र कापडावर नाही, कथिलाचा मुलामा दिलेल्या लोखंडी पत्र्यावर आहे आणि त्याची उंची जेमतेम 43 सेंटिमीटर आहे. मागे एक भली मोठी कमान आहे आणि तिच्यातून धुरकट, थंड उजेड येतो. कमानीच्या अलीकडे सात माणसे आहेत. कोणी बसलेला, कोणी आडवा, कोणी उभा, पायांत जड बेड्या. ते एकमेकांशी बोलत नाहीत. पहारेकरी नाही, दार दिसत नाही, कागद नाही, जेवण नाही. होगार्थच्या कोठडीत प्रत्येकाच्या तोंडी काहीतरी मागणी होती. इथे मागणारा कोणी नाही आणि देणाराही नाही. चेहरे जवळजवळ पुसलेले आहेत, त्यामुळे यांचा गुन्हा काय असेल हा प्रश्न पडतच नाही, आणि गोयाला तो पडू द्यायचाही नसावा.

चित्राचा काळ साधारणपणे 1793-94 मानला जातो. त्याआधीच्या आजारात गोया पूर्ण बहिरा झाला होता. बरे होताना त्याने लहान आकाराची काही चित्रे कोणी न सांगता काढली आणि जानेवारी 1794 मध्ये माद्रिदच्या कला अकादमीकडे पाठवताना लिहिले की, मागणीवरून केलेल्या कामात ज्या निरीक्षणांना आणि कल्पनेला जागा मिळत नाही त्यांना इथे वाव मिळाला. ऐकू न येणाऱ्या माणसाने ही शांतता काढली, असा अर्थ लावण्याचा मोह होतो. पण मला तो सोपा वाटतो, कारण गोयाभोवती तेव्हा कायदा आणि शिक्षा यांवर वाद घालणारे मित्र होते. त्याचा पुरावा याच इमारतीत आहे. कवी आणि न्यायाधीश मेलेंदेस वाल्देस याचे गोयाने 1797 मध्ये केलेले व्यक्तिचित्र बोज संग्रहालयातच आहे. त्याचा मित्र होवेयानोस हा तर न्यायमंत्री होता आणि पुढे 1801 ते 1808 अशी सात वर्षे मायोर्का बेटावर कैदेत राहिला. त्या व्यक्तिचित्रातील थकलेले डोळे पाहून मी पुन्हा तुरुंगाच्या चित्राकडे गेले आणि हिवाळी उजेड कमी होऊ लागेपर्यंत तिथेच होते.

रविवार, लंडन ते पॅरिस

दुपारची गाडी असल्याने सकाळी नॅशनल गॅलरीत फक्त एक चित्र पाहिले. फ्रेंच चित्रकार गुस्ताव्ह कूर्बेचे सफरचंदे आणि डाळिंब यांचे हे स्थिरचित्र 1871-72 मधले आहे, म्हणजे त्याने तुरुंगात काढलेल्या किंवा तिथून सुटताच काढलेल्या फळांच्या चित्रांपैकी हे एक. फळे पिकलेली, डागाळलेली, जड आहेत आणि मागे काळोख आहे. बहिणीने आणून दिलेली फळे एवढाच विषय हाताशी असल्यावर चित्रकार काय करतो, ते इथे दिसते. बाकीचा दिवस प्रवासात गेला.

सोमवार, पॅरिस

कोंसिएर्झरी हा जुन्या राजवाड्याचा भाग फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात तुरुंग होता आणि क्रांतिकारी न्यायासन त्याला लागूनच होते. इथे कैद्यांचे वर्ग पैशावरून ठरत. ज्यांच्यापाशी काही नसे ते गवताच्या पेंढ्यावर झोपत, आणि ज्यांना परवडे ते खाटेचे भाडे देत. राजसत्ता उलथून टाकणाऱ्यांच्या तुरुंगातही फ्लीटचाच नियम चालू होता, याची मला गंमत वाटली आणि थोडा विषादही.

राणी मारी आंत्वानेत इथे 1793 च्या ऑगस्टपासून 16 ऑक्टोबरला गिलोटिनपाशी नेईपर्यंत होती. राजघराणे परतल्यावर अठराव्या लुईने तिच्या कोठडीच्या जागी प्रायश्चित्ताचे प्रार्थनालय उभारले आणि त्यासाठी चित्रे करवून घेतली. त्यांतील ड्रोलिंगच्या 1817 च्या चित्रात राणी कोठडीत प्रभुभोजनाचा संस्कार घेते आहे. चित्र सफाईदार आहे आणि त्यातील कोठडी मुळीच कोठडी वाटत नाही. कैद्याला हुतात्मा करायचे ठरले की पहिल्यांदा ओल, दुर्गंधी आणि पहारेकऱ्याचे बोलणे चित्रातून बाहेर जाते. इथे मी फार वेळ थांबले नाही.

मंगळवार, पॅरिस

कार्नाव्हाले संग्रहालयात पॅरिस शहराचा इतिहास मांडला आहे आणि क्रांतीच्या दालनांत तुरुंगाची दोन अगदी वेगळ्या जातीची चित्रे आहेत.

पहिले आंत्वान व्हेस्तिए याने 1789 मध्ये केलेले लात्यूदचे व्यक्तिचित्र. लात्यूदने 1749 मध्ये राजाची प्रेयसी मादाम द पोंपादूर हिला एक बनावट विषारी पुडके पाठवले आणि मग आपणच तो कट उघडकीस आणल्याचा आव आणून बक्षिसाची आशा धरली. त्या लबाडीपायी तो एकंदर 35 वर्षे वेगवेगळ्या तुरुंगांत राहिला. 1756 मध्ये तो दोराच्या शिडीने बास्तीय या पॅरिसच्या किल्लेवजा तुरुंगातून पळाला होता आणि ती शिडीही याच संग्रहालयात आहे. चित्रात तो बास्तीय पाडली जात असताना तिच्याकडे बोट दाखवत रुबाबात उभा आहे. फसवणूक क्षुल्लक होती, शिक्षा राक्षसी होती आणि त्यातून जन्मला तो लोकप्रिय वीर. हे चित्र तुरुंगाचे कमी आणि प्रसिद्धीचे जास्त आहे. तरी 35 वर्षे हरवलेल्या माणसाला थोडा रुबाब करू द्यावा, असेही वाटून जाते.

दुसऱ्या जातीची चित्रे ह्यूबेर रोबेर याची. पडक्या वास्तूंची चित्रे काढण्यात हयात गेल्याने लोक त्याला 'अवशेषांचा रोबेर' म्हणत. इटलीत अकरा वर्षे राहून त्याने प्राचीन रोमचे भग्न खांब आणि त्यांच्या सावलीत कपडे धुणाऱ्या बायका असंख्य वेळा रंगवल्या होत्या. बास्तीय पडू लागली तेव्हा तीही त्याने रंगवली आणि ते चित्रही इथे आहे. पण तो राजदरबाराशी जोडलेला असल्याने ऑक्टोबर 1793 मध्ये त्याला अटक झाली. आधी सेंत पेलाजी आणि जानेवारी 1794 पासून सें लाझार, अशा दोन तुरुंगांत तो होता. सें लाझार हे मूळचे कुष्ठरोग्यांचे आश्रयस्थान आणि नंतरचा मठ असल्याने त्याचे मार्ग लांबलचक आणि छत उंच होते.

तेच मार्ग त्याच्या चित्रात आहेत. लांब कमानदार मार्ग, दूरच्या खिडकीतून येणारा उजेड आणि त्यात येरझारा घालणारी, घोळक्याने बोलणारी लहान लहान माणसे. इटलीतल्या भग्न मंदिरांखाली माणसे जशी छोटी असत तशीच ही आहेत आणि हात तोच आहे, पण या वेळी त्या माणसांतला एक तो स्वतः होता. दुसऱ्या चित्रात कैद्यांपर्यंत अन्न पोचवले जात आहे. त्यात कुठे साखळी नाही, अश्रू नाहीत, कोणी आकाशाकडे पाहत नाही. दिवसातील एक ठरलेली घटना म्हणजे जेवण, आणि तुरुंगात ती केवढी मोठी घटना असते हे उभे राहिलेल्या माणसांच्या ओढीवरून कळते. छापील प्रतींत ही चित्रे मला सौम्य वाटली होती. प्रत्यक्षात त्यांतील करड्या-तपकिरी उजेडाचा जो कंटाळा जाणवतो तो सौम्य नाही. या इमारतीतून रोज नावे पुकारून माणसे नेली जात होती. कवी आंद्रे शेनिए याचे व्यक्तिचित्र सह-कैदी चित्रकार स्युव्हे याने जुलै 1794 मध्ये इथेच केले आणि त्यानंतर आठच दिवसांत, 25 जुलैला, शेनिए आणि कवी रुशे यांना गिलोटिनवर नेण्यात आले. दोनच दिवसांनी क्रांतिकारी राजवटीचा नेता रोबेस्पिएर याची सत्ता कोसळली. रोबेर ऑगस्टमध्ये सुटला. नामसाधर्म्यामुळे त्याच्याऐवजी दुसराच कोणी मारला गेला, अशी कथा सांगतात, पण ती कथा म्हणूनच घ्यावी.

तुरुंगात रंगाचे साहित्य अपुरे पडे तेव्हा रोबेर कैद्यांच्या जेवणाच्या ताटल्यांवर निसर्गदृश्ये रंगवत असे आणि पहारेकऱ्यांमार्फत त्या बाहेर विकल्या जात. या ताटल्यांवर झाडे, पाणी आणि मोकळे आकाश आहे. सें लाझारमधील मार्ग कॅनव्हासवर आणि मोकळे आकाश ताटलीवर, अशी त्याने वाटणी केली होती. विकत घेणाऱ्याला काय हवे हे तो जाणून होता, असा याचा एक अर्थ आहे. दुसरा अर्थ मी सांगणार नाही, कारण तो कुणालाही सुचेल.

येऊन-जाऊन पैशाचा धागा सगळीकडे सापडत होता. फ्लीटमधील पद 5,000 पौंडांना, न्यूगेटमधील सारा माल्कम सहा पेन्सना, कोंसिएर्झरीत खाटेचे भाडे, सें लाझारच्या ताटल्या. तुरुंगाच्या चित्रांविषयी लिहिणारे बहुधा क्रौर्य आणि करुणा या दोन शब्दांवर थांबतात. मला वाटते, जुन्या तुरुंगाची खरी यंत्रणा त्याच्या दरपत्रकात होती आणि ज्या चित्रकारांना ती दिसली त्यांची चित्रे जास्त टिकली.

बुधवार, ओर्नां

पॅरिसहून बेझांसोंपर्यंत वेगवान रेल्वे आणि तिथून बस. लू नदीच्या काठी वसलेल्या ओर्नां या गावात कूर्बेचा जन्म झाला आणि नदीलगतच्या घरात त्याचे संग्रहालय आहे. इथे पाहायचे होते ते 'सेंत पेलाजी येथील आत्मचित्र'. रोबेरला पहिल्यांदा ठेवले होते तोच हा तुरुंग, मधे जवळजवळ 80 वर्षे लोटलेली.

पॅरिस कम्यून या 1871 च्या बंडखोर नगरसरकारातील सहभाग आणि व्हांदोम चौकातील नेपोलियनचा विजयस्तंभ पाडल्याचा आरोप यांवरून कूर्बेला सप्टेंबर 1871 मध्ये सहा महिने कैद आणि 500 फ्रँक दंड झाला. शिक्षेचा शेवटचा काळ त्याने आजारपणामुळे नुयी येथील दवाखान्यात काढला. आत्मचित्र बहुधा सुटकेनंतर पूर्ण झाले असावे. त्यात तो गजांच्या खिडकीपाशी बसला आहे, गळ्यात लाल रुमाल आणि तोंडात पाइप आहे, आणि तो बाहेरच्या अंगणाकडे पाहतो आहे. हा माणूस सडसडीत आणि प्रत्यक्षातील कूर्बेपेक्षा कितीतरी तरुण आहे. तुरुंगात गेला तेव्हा तो पन्नाशी ओलांडलेला, स्थूल आणि आजारी होता.

आत राहिलेला चित्रकार रोजच्या गोष्टी रंगवतो या माझ्या कल्पनेला हॉलने एका बाजूने तडा दिला होता आणि कूर्बेने उरलेलीही मोडली. त्याच्या चित्रात जेवण नाही, पहारेकरी नाही, दुसरा कैदी नाही. अंगण आहे ते पार्श्वभूमीपुरते. आयुष्यभर दगड फोडणारे आणि शेतकरी जसे आहेत तसे रंगवल्याचा अभिमान बाळगणाऱ्या या माणसाने स्वतःला तुरुंगात जसे होते तसे रंगवले नाही. मला त्याचा राग आला नाही. चित्र सुंदर आहे, विशेषतः त्या लाल रुमालापाशी. पण सेंत पेलाजीबद्दल ते फारच थोडे सांगते, आणि लंडनच्या दालनातील डागाळलेली फळे त्यापेक्षा बरेच अधिक सांगतात.

शिक्षा संपली तरी हिशेब संपला नव्हता. स्तंभ पुन्हा उभारण्याचा खर्च कूर्बेकडून वसूल करण्याचे सरकारने ठरवले, म्हणून 1873 मध्ये तो स्वित्झर्लंडला निघून गेला. पुढे 3,23,091 फ्रँकांची रक्कम निश्चित झाली आणि दरवर्षी 10,000 फ्रँकांचे हप्ते ठरले, म्हणजे 33 वर्षे चालणारे देणे. पहिला हप्ता 1 जानेवारी 1878 ला द्यायचा होता आणि 31 डिसेंबर 1877 ला कूर्बे परमुलखात मरण पावला.